लॅपटॉप कोणत्या कंपनीचा घ्यावा? टिकाऊपणा आणि विक्रीनंतरच्या सेवेबद्दल अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

माझा सध्याचा लॅपटॉप सहाव्या वर्षात आहे आणि त्याच्यावर आणखी खर्च करण्यात आता अर्थ उरलेला नाही, या निष्कर्षाला मी नाइलाजाने आले आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास यंत्र चालू असते आणि ते बंद पडले की त्या दिवसाचे काम बुडते. येत्या दोन महिन्यांत घरात दोन लॅपटॉप घ्यायचे आहेत, एक माझ्यासाठी आणि दुसरा मुलीच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठी. प्रोसेसर, रॅम, पडदा यांची तुलना करणारी माहिती हवी तेवढी मिळते. लॅपटॉप बिघडल्यावर पुढे काय होते, याची माहिती मात्र कुठेच नीट मिळत नाही आणि मला नेमकी तीच हवी आहे.

माझा अनुभव आधी सांगते. दुसऱ्या वर्षी डावी बिजागरी तुटली. एके सकाळी झाकण उघडताना ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि डाव्या कोपऱ्यात पडद्याची चौकट व मागचे आवरण यांच्यात नखाएवढी फट पडली. त्या फटीतून पाहिले तर स्क्रू जागच्या जागी घट्ट होता. ज्या प्लास्टिकच्या खुंटीत तो बसवला होता, ती खुंटीच आतल्या पितळी कडीसकट उपटून आली होती. लॅपटॉप तोवर एकदाही पडलेला नव्हता. सेवा केंद्राने मात्र ‘बाह्य आघातामुळे झालेले नुकसान’ असा शेरा मारून हमीतून दुरुस्ती करण्यास नकार दिला. चौथ्या वर्षी मदरबोर्ड गेला. तेव्हा हमी संपलेली होती, त्यामुळे पैसे भरण्याची माझी तयारी होतीच. पण सुटा भाग यायला तेवीस दिवस लागले आणि त्या तेवीस दिवसांत दर वेळी फोनवर नव्या माणसाला पहिल्यापासून सगळी हकिगत सांगावी लागली.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका यंत्रावरून कंपनीचा निवाडा करणे मला पटत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपांच्या टिकाऊपणात खरोखरच फरक असतो का, आणि खरेदी करण्याआधीच सेवेची परीक्षा करण्याचा काही मार्ग आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : कंपनीआधी मालिका पाहावी

ताई, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. एका मोठ्या कार्यालयातील संगणकांची खरेदी आणि देखभाल गेली बारा वर्षे माझ्याकडे आहे, त्या आधारावर लिहितो.

‘एचपी चांगला की डेल?’ हा प्रश्न ज्या रूपात विचारला जातो, त्या रूपात त्याला उत्तरच नाही. बहुतेक कंपन्यांचे लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा मोजक्या तैवानी उत्पादकांकडे तयार होतात. दोन प्रतिस्पर्धी नावांचे लॅपटॉप एकाच उत्पादकाच्या कारखान्यातून बाहेर पडणे यात नवल काही नाही. फरक पडतो तो कंपनीने उत्पादकाला काय बनवायला सांगितले आणि कोणत्या दर्जाचे भाग वापरायला सांगितले यामुळे, आणि तो एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही फार मोठा असतो. डेलची इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड, एचपीची पॅव्हिलियन आणि एलिटबुक, लेनोवोची आयडियापॅड आणि थिंकपॅड या एकाच घरातल्या असल्या, तरी त्यांचे संगोपन वेगळे झालेले आहे. कार्यालयीन मालिकेत बिजागरी सहसा धातूच्या किंवा मजबूत चौकटीला जोडलेली असते, सुटे भाग अधिक वर्षे मिळतात आणि दुरुस्तीची पुस्तिका सर्वांसाठी खुली असते. (डेलने जानेवारी २०२५ मध्ये जुनी नावे मोडीत काढून ‘डेल’, ‘डेल प्रो’ आणि ‘डेल प्रो मॅक्स’ अशी नवी विभागणी जाहीर केली, त्यामुळे आता लॅटिट्यूड शोधणाऱ्याने ‘प्रो’ पाहावे.)

आमच्याकडे दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत. चौथ्या वर्षापर्यंत पोहोचताना कोणती मालिका दुरुस्तीच्या टेबलावर जास्त येते, हे मला नोंदवही न उघडताही सांगता येते, आणि त्यात कंपनीच्या नावाचा वाटा सर्वांत कमी आहे.

प्रतिसाद : एक जुनी पण उपयुक्त आकडेवारी

वरील मताला आकड्यांचा आधार देतो. स्क्वेअरट्रेड या वाढीव हमी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये स्वतःकडे नोंदवलेल्या ३०,००० हून अधिक लॅपटॉपांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यानुसार तीन वर्षांत सुमारे ३१ टक्के लॅपटॉप बिघडतात, त्यांपैकी २०.४ टक्के यंत्रातील दोषामुळे आणि १०.६ टक्के पडणे, सांडणे अशा अपघातांमुळे. केवळ यंत्रदोषाचा विचार केला, तर सर्वांत वर आसुस होती, १५.६ टक्के, तिच्या खालोखाल तोशिबा, १५.७, आणि सर्वांत खाली एचपी, २५.६ टक्के. अ‍ॅपल १७.४ आणि डेल १८.३ टक्क्यांवर होत्या.

आकडे देणारी कंपनी हमी विकते, म्हणजे बिघाडाची भीती वाढण्यात तिचा फायदा आहे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय हा अभ्यास इतका जुना आहे की आजच्या खरेदीसाठी त्यातील क्रमवारी वापरू नये. तरीही त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की, सर्वांत चांगल्या कंपनीच्याही साधारण सहा-सात यंत्रांमागे एक यंत्र तीन वर्षांत बिघडत होते. म्हणजे चांगली कंपनी निवडली की बिघाडाची चिंता मिटली, असे कधीच नव्हते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या यादीत दुसऱ्या स्थानावर असलेल्या तोशिबाने १९८५ पासून लॅपटॉप विकले, पण २०१८ मध्ये या व्यवसायातील ८०.१ टक्के हिस्सा शार्पला दिला आणि २०२० मध्ये उरलेला हिस्साही सोडून ती या धंद्यातून बाहेर पडली. तिसऱ्या स्थानावरील सोनीने वायो हा विभाग २०१४ मध्येच विकला होता. ज्याने केवळ टिकाऊपणाची क्रमवारी पाहून यंत्र घेतले, त्याला पुढे त्याच नावाचा वारस शोधत फिरावे लागले. कंपनी या व्यवसायात टिकून राहील का, हादेखील सेवेचाच भाग आहे.

प्रतिसाद : दुरुस्तीच्या टेबलावरून

मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. बिजागरीबद्दल धागालेखिकेने जे वर्णन केले आहे, ते इतके अचूक आहे की यंत्र डोळ्यांसमोर उभे राहिले. हा दोष कसा निर्माण होतो ते समजून घेतले, तर खरेदीच्या वेळी तो ओळखता येतो.

बिजागरी धातूची असते आणि तिच्यातील घर्षण मुद्दाम जास्त ठेवलेले असते, म्हणजे पडदा लावलेल्या कोनात स्थिर राहतो. प्रत्येक वेळी झाकण उघडताना ते सारे बळ शेवटी तीन-चार स्क्रूंवर येते. स्वस्त बांधणीत हे स्क्रू प्लास्टिकच्या खुंट्यांमध्ये उष्णतेने दाबून बसवलेल्या पितळी कड्यांत अडकवलेले असतात. धूळ आणि गंज यांमुळे बिजागरी हळूहळू आणखी ताठर होते, प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ होत जाते, आणि एका दिवशी कडी खुंटीसकट निघते. त्यात वापरणाऱ्याची चूक एवढीच असू शकते की तो झाकण एका कोपऱ्याला धरून उघडत होता. म्हणून दुकानात मांडलेले यंत्र मध्यभागी धरून उघडून पाहावे, आणि मग मुद्दाम एका कोपऱ्याने उघडून पाहावे. कोपऱ्याने उघडताना चौकट पिळवटल्यासारखी वाटली किंवा झाकणाबरोबर खालचा भागही वर उचलला गेला, तर ती बिजागरी त्या प्लास्टिकला जड आहे असे समजावे.

दुसरे, चार्जिंगचे छिद्र पाहावे. हा लॅपटॉपमधील सर्वांत जास्त झिजणाऱ्या भागांपैकी एक आहे. काही यंत्रांत ते छोट्या वेगळ्या पट्टीवर असते आणि ती पट्टी बदलली की काम संपते. काही यंत्रांत टाइप-सी छिद्र थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेले असते, आणि मग अनेक सेवा केंद्रे अख्खा मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगतात. हे यंत्र न उघडता कळण्याचा मार्ग म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका. लेनोवो आणि एचपी आपल्या मॉडेलांच्या देखभाल-पुस्तिका संकेतस्थळावर खुल्या ठेवतात, डेलच्या पुस्तिकेत तर कोणता स्क्रू किती लांबीचा आहे इथपर्यंत तपशील असतो. खरेदीआधी अर्धा तास काढून आपल्या पसंतीच्या मॉडेलची पुस्तिका चाळावी. बॅटरी काढायला किती पायऱ्या आहेत, कीबोर्ड स्वतंत्र बदलता येतो की वरच्या संपूर्ण आवरणासकट घ्यावा लागतो, रॅम सोल्डर केलेली आहे का, हे सगळे त्यात सापडते. पुस्तिकाच मिळाली नाही, तर तेही एक उत्तर आहे.

फ्रेमवर्क या तुलनेने नव्या कंपनीने २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप आणला तो याच विचारावर. तिच्या यंत्रात बाहेरील जोडण्यांची छिद्रेसुद्धा काढून बदलता येतात आणि आतील भागांवर क्यूआर कोड छापलेले असतात. तिची विक्री सगळीकडे होत नाही, पण मोठ्या कंपन्यांनी ठरवले तर काय करता येईल, हे तिने दाखवून दिले. लेनोवोच्या २०२४ च्या थिंकपॅड टी१४ ला दुरुस्ती-सुलभतेसाठी आयफिक्सिट या दुरुस्ती-मार्गदर्शन करणाऱ्या संकेतस्थळाने दहापैकी नऊ गुण दिले, हेही नमूद करण्याजोगे आहे.

प्रतिसाद : माझा अनुभव वेगळा

मी साधा एसर नऊ वर्षे वापरतो आहे. एकदा बॅटरी आणि एकदा पंखा बदलला, बाकी काही नाही. त्यामुळे घरगुती मालिका सरसकट कमी दर्जाच्या असतात हे मान्य करता येत नाही.

प्रतिसाद : सहमत, पण

आपला एसर टिकला याचा आनंद आहे. वर सरसकट असे कोणी म्हटलेले नाही, तरी आपल्या अनुभवातून एक गोष्ट निघते ती अशी की बॅटरी आणि पंखा हे दोन्ही भाग मिळाले आणि बदलता आले, म्हणून यंत्र नऊ वर्षे चालले. तोच पंखा तिसऱ्या वर्षी मिळाला नसता, तर ते यंत्र कधीच अडगळीत गेले असते.

प्रतिसाद : अ‍ॅपलबद्दल

अ‍ॅपलचा उल्लेख ओझरता झाला, म्हणून लिहिते. २०१३ पासून मी मॅकबुक वापरते आणि दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

सेवेची शिस्त ही या कंपनीची जमेची बाजू आहे. मॉडेलांची संख्या मोजकी असल्याने सुटे भाग सापडतात, आणि एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे भाग उपलब्ध ठेवण्याचे धोरण कंपनीने लेखी जाहीर केले आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ चिपपासून यंत्रे थंड चालू लागली आणि एअर या मॉडेलमध्ये तर पंखाच राहिला नाही, म्हणजे बिघडणारा एक भाग कमी झाला.

पण अ‍ॅपलचे लॅपटॉप बिघडतच नाहीत, ही समजूत सोडून द्यावी. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून त्यांनी ‘बटरफ्लाय’ नावाची अतिशय पातळ कीबोर्ड-रचना आणली. तिच्यात धुळीचा कण अडकला तरी अक्षर उमटत नसे किंवा दोनदा उमटत असे. मुद्रितशोधन करणाऱ्या व्यक्तीला हे किती जाचक होईल, याची कल्पना धागालेखिकेला येईलच. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत हे कीबोर्ड मोफत दुरुस्त करण्याची योजना जाहीर केली, २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जुनी कात्री-रचना परत आणली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड केली. एवढ्या साधनसंपन्न कंपनीकडून एक सदोष रचना चार वर्षांहून अधिक काळ विकली गेली. तिने योजना काढली हे चांगले झाले, पण त्यासाठी हजारो ग्राहकांना आधी ओरडावे लागले.

आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. जी घेतली तीच शेवटपर्यंत. खरेदीच्या दिवशीच पुढच्या सहा वर्षांचा विचार करावा लागतो.

प्रतिसाद : दोष भागाचा असतो, नाव मात्र वेगळे असते

या निमित्ताने दोन घटनांची आठवण करून देतो. २००६ मध्ये डेलने ४१ लाख आणि अ‍ॅपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्यानंतर लेनोवोसह इतर कंपन्यांवरही तीच वेळ आली. सर्वांतील सेल सोनीने बनवलेले होते आणि त्यांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्याने आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. दुसरी घटना २००८ ची. एन्व्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिपांची जोडणी तापण्या-निवण्याच्या चक्रात तडकू लागली, आणि त्याचा फटका डेल, एचपी व अ‍ॅपल या तिघांच्याही यंत्रांना बसला. तिघांनीही बाधित मॉडेलांना हमी वाढवून दिली.

ग्राहकाच्या दृष्टीने कंपनीची खरी ओळख अशा वेळी होते. २०१८ मध्ये लेनोवोने थिंकपॅड एक्स१ कार्बनची पाचवी आवृत्ती परत बोलावली, कारण आत राहिलेला सैल स्क्रू बॅटरीला इजा करू शकत होता. केवळ अमेरिकेतच ती सुमारे ७८,००० यंत्रे होती. २०१९ मध्ये अ‍ॅपलने २०१५ च्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या बदलून दिल्या, तिथेही अमेरिकेतील आकडा सुमारे ४,३२,००० होता. आपल्याकडे जुना लॅपटॉप असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून त्याच्यावर अशी एखादी योजना आहे का ते अवश्य पाहावे. कित्येक जण पैसे भरून दुरुस्ती करून घेतात आणि ती मोफत होती हे नंतर कळते.

धागालेखिका : हमीबद्दल विचारायचे आहे

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते. पुस्तिका चाळण्याची सूचना तर लगेच अमलात आणली आणि माझ्या यादीतील पाचपैकी दोन मॉडेले त्याच संध्याकाळी वगळली. एकाची पुस्तिका सापडली नाही आणि दुसऱ्याचा कीबोर्ड आवरणाला कायमचा जोडलेला निघाला.

आता हमीबद्दल विचारते. तीन वर्षांची वाढीव हमी घ्यावी का? ‘ऑनसाइट’, ‘अपघाती नुकसान संरक्षण’ अशा शब्दांत नेमके काय येते आणि काय येत नाही?

प्रतिसाद : हमीपत्र वाचण्याची रीत

कार्यालयीन खरेदीबद्दल वर लिहिणारा मीच. जिचे उत्पन्न लॅपटॉपवर अवलंबून आहे, अशा व्यक्तीने वाढीव हमी घ्यावी, आणि ती कंपनीचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्याने जोडून दिलेल्या त्रयस्थ हमीत दुरुस्ती कुठे होणार, कोणते भाग वापरणार आणि वाद झाला तर दाद कोणाकडे मागायची, हे बहुधा धूसर असते.

हमीचे मूळ प्रकार दोनच आहेत. एकात यंत्र आपण केंद्रावर नेतो किंवा पाठवतो आणि ते परत येईपर्यंत वाट पाहतो. दुसऱ्यात, म्हणजे ऑनसाइटमध्ये, तंत्रज्ञ भाग घेऊन आपल्याकडे येतो. ‘पुढील कामकाजाचा दिवस’ असे शब्द असले तरी मोजणी आपल्या पहिल्या फोनपासून होत नाही. आधी दूरध्वनीवर निदान होते, भाग निश्चित होतो, आणि त्यानंतरचा कामकाजाचा दिवस धरला जातो. भाग जवळच्या कोठारात नसेल तर आणखी थांबावे लागते. तरीही ही सेवा घेतलेल्या आमच्या यंत्रांचे काम सहसा दोन-चार दिवसांत होते, आणि आपले तेवीस दिवस वाचल्यावर मला या फरकाचे मोल पुन्हा जाणवले. डेलची प्रोसपोर्ट, लेनोवोची प्रीमियर सपोर्ट, एचपीचे केअर पॅक या योजनांत असे पर्याय मिळतात. अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये अपघाती नुकसानही येते, मात्र प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क भरावे लागते.

हमीपत्रात तीन जागी बोट ठेवून वाचावे. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्यांत यंत्राच्या हमीपेक्षा वेगळी आणि बहुधा एकाच वर्षाची असते, तीन वर्षांच्या योजनेतही. बिजागरी आणि आवरण यांतील तडा दोष मानला जाईल की नुकसान, याचे शब्द पाहावेत. आपला वाद नेमका तिथेच झाला होता, आणि अपघाती नुकसानाचे संरक्षण असते तर तो टळला असता. शिवाय हमी आपल्या राहत्या ठिकाणापुरती आहे की दुसरीकडेही चालते, हे मुलीसाठी विचारून ठेवावे.

‘लष्करी दर्जाचा टिकाऊपणा’ या जाहिरातीबद्दलही सांगतो. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणी-मानक खरे आहे, पण त्याचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही कचेरी नाही. त्यातील कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. त्यामुळे चाचण्यांची यादी जाहीर केली असेल, तरच त्या शिक्क्याला किंमत द्यावी.

प्रतिसाद : खेळांसाठीच्या लॅपटॉपबद्दल

मुलगी गेमिंग लॅपटॉप मागत असेल तर हे सांगून ठेवतो. त्यातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप तासन्‌तास ऐंशी-नव्वद अंशांवर चालतात, त्यामुळे पंखे धूळ ओढतात आणि चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप (थर्मल पेस्ट) लवकर निकामी होतो. वर्षातून एकदा साफसफाई करावीच लागते.

सेवेबद्दल एक घटना सर्वांना माहीत असावी. मे २०२४ मध्ये गेमर्स नेक्सस या हार्डवेअर तपासणाऱ्या वाहिनीने आसुसचे रॉग अ‍ॅलाय हे हातात धरून खेळायचे यंत्र हमीतील दुरुस्तीसाठी पाठवले, तेव्हा मूळ तक्रारीशी संबंध नसलेल्या आवरणावरील बारीक खुणेसाठी पैसे मागण्यात आले. बोभाटा झाल्यावर आसुसने आपली दुरुस्तीची कार्यपद्धती बदलत असल्याचे जाहीर केले. २००९ च्या त्या यादीत याच कंपनीची यंत्रे सर्वांत टिकाऊ ठरली होती. यंत्र चांगले बनवणे आणि ते बिघडल्यावर नीट वागणे ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाचे गुण दुसऱ्यात धरता येत नाहीत.

प्रतिसाद : दुरुस्तीला देण्यापूर्वी

पुन्हा टेबलावरून. यंत्र हातातून सोडण्यापूर्वी चारही बाजूंची, झाकणाची आणि तळाची छायाचित्रे तारखेसह काढावीत. खुणेवरून होणारे निम्मे वाद तिथेच संपतात. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर यंत्राची स्थिती काय लिहिली आहे ते वाचूनच सही करावी. ‘ओरखडे आहेत’ असे मोघम लिहिलेले असेल, तर कुठे आणि किती ते लिहून घ्यावे.

विदा (डेटा) आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी. मदरबोर्ड बदलला की बिटलॉकरने (विंडोजमधील कुलूपबंदीच्या सोयीने) बंद केलेली डिस्क रिकव्हरी कीशिवाय उघडत नाही, आणि ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते हे पुष्कळांना माहीत नसते. माझ्यासमोर एका विद्यार्थिनीचा तीन वर्षांचा प्रकल्प असा अडकला होता. खाते जुन्या फोन क्रमांकावर होते आणि तो क्रमांक बंद पडलेला. ती खुर्चीत बसून एकेक जुना पासवर्ड आठवत होती आणि मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हते.

फोन करण्यापूर्वी यंत्रातील निदान-चाचणी स्वतः चालवावी. सुरू होतानाच डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ२ आणि थिंकपॅडमध्ये एफ१० दाबले की ती बहुतेक मॉडेलांत सापडते. तिने दिलेला त्रुटी-संकेत पलीकडच्या माणसाला आधीच सांगितला, तर ‘बंद करून पुन्हा चालू करा’ या पायऱ्या वगळल्या जातात. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा आणि शक्य तिथे फोनऐवजी लेखी संवाद साधावा, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगण्याचा त्रास कमी होतो.

बॅटरीसाठी एकच सूचना : दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवावी. लेनोवो, आसुस, डेल या सर्वांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. पूर्ण भरलेली आणि सतत तापलेली बॅटरी फुगते. तळाचे आवरण किंवा टचपॅड वर आलेला दिसला, तर यंत्र त्याच क्षणी वापरणे थांबवावे.

प्रतिसाद : वापरलेली कार्यालयीन यंत्रे

मुलीसाठी हा पर्याय विचारात घ्यावा. मोठी कार्यालये तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात आणि थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक चांगल्या स्थितीत बाजारात येतात. सिरीयल नंबरवरून हमी शिल्लक आहे का ते पाहावे, बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड नाही याची खात्री करावी, आणि आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असलेले यंत्र घेऊ नये. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही.

धागालेखिका : काय ठरले

पाच आठवडे झाले, म्हणून कळवते.

आपल्या सूचनांमध्ये मी स्वतःची एक भर घातली. यादीत उरलेल्या तीन कंपन्यांच्या मदत क्रमांकांवर खरेदीआधीच फोन केला आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला : या मॉडेलची डावी बिजागरी सुटी मिळते का, आणि ती तुटली तर हमीत दोष धरता की नुकसान? पहिल्या ठिकाणी यंत्र विकत घेतल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी चाळीस मिनिटे फोन धरून ठेवल्यावर तो तुटला. तिसऱ्या ठिकाणच्या मुलीने दोन मिनिटे मागितली, भागाचा क्रमांक वाचून दाखवला, तडा कोणत्या स्थितीत दोष धरला जातो ते सांगितले आणि अपघाती संरक्षण घेतले तर हा प्रश्नच येणार नाही, असेही स्वतःहून म्हणाली. संभाषण संपताच तिने हेच सारे लेखी पाठवले.

त्या तिसऱ्या कंपनीच्या कार्यालयीन मालिकेतील यंत्र मी तीन वर्षांच्या ऑनसाइट सेवेसह घेतले. मुलीसाठी वापरलेला थिंकपॅड घेतला. तो उघडून पाहिल्यावर बॅटरी थकलेली आढळली, तेव्हा पुस्तिका समोर ठेवून आम्ही दोघींनी मिळून ती बदलली. तळाचे स्क्रू सैल केल्यावरही आवरणातून सुटत नाहीत, त्यामुळे एकही हरवला नाही. आता झाकण उघडताना ती मध्यभागीच धरते. मी सांगितले नव्हते, तिने हा धागा वाचला आहे.